मूल रात्री अंथरूण ओले करते? आधी रागावणे थांबवा

स्वमग्नता (ऑटिझम) किंवा अतिचंचलता (एडीएचडी) असलेले मूल सात-आठ वर्षांचे झाले तरी रात्री अंथरूण ओले करते, ही गोष्ट अनेक घरांत सख्ख्या नातेवाइकांनाही सांगितली जात नाही. शेगावसारख्या गावात, जिथे एका भिंतीला दोन घरे लागून, तिथे चादर वाळत घालतानाही अम्मीचा जीव खालीवर होतो. मग कधी मुलाला ओरडा, कधी मार, कधी संध्याकाळनंतर पाणी बंद. आम्हाला इथे एवढेच सांगायचे आहे, की हे मूल मुद्दाम करत नाही.

असे का होते?

पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात. बहुतेकांची सवय वयाबरोबर सुटते. स्वमग्न आणि अतिचंचल मुलांत हे प्रमाण जास्त असते. मूत्राशय भरले, हा शरीराचा इशारा काहींना झोपेत कळत नाही. काही जण जागे होतात, पण अंधार, थंडगार फरशी किंवा पाण्याचा आवाज सहन होत नाही म्हणून उठत नाहीत.

बद्धकोष्ठता हे एक मोठे कारण आहे आणि तेच सहज सुटून जाते. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांत हे नेहमी दिसते.

घरात काय करता येईल?

- पाणी बंद करू नका, विदर्भाच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. दिवसा भरपूर पाजा, झोपण्याआधीचे दोन तास कमी द्या. रात्री चहा, कोल्ड्रिंक नको.
- झोपण्यापूर्वी रोज एकाच क्रमाने: शू, दात, कपडे, पुन्हा शू. या क्रमाची चित्रे भिंतीवर लावा. ही मुले ऐकण्यापेक्षा पाहून लवकर शिकतात.
- संडास अंगणात असेल तर वाटेत मंद दिवा ठेवा, नाहीतर खोलीतच भांडे ठेवा.
- गादीवर रबरी शीट, वर चादर, त्यावर पुन्हा शीट आणि चादर. रात्री वरची जोडी काढली की काम झाले.
- रमजानमध्ये इफ्तारनंतर शरबत आणि जागरण वाढते. मुलाची झोपेची वेळ शक्यतो तीच ठेवा. सहरीला घर उठले की त्यालाही शू करवून आणा.
- कोरडी रात्र गेली तर शाबासकी द्या. ओली गेली तर गप्प राहून कपडे बदला.

पाकीचे काय?

नमाजसाठी अंग, कपडे आणि जागा पाक असावी लागते. शेजारच्या ओल्या गादीने नमाज अडत नाही. एका खेडवळ माणसाने मस्जिदीत लघवी केली तेव्हा लोक धावून गेले. नबी करीम (स.) यांनी त्यांना थांबवले, त्याचे होऊ दिले आणि मग त्या जागी पाणी ओतायला सांगितले, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मोठ्या माणसाला अल्लाहच्या घरात जी सबुरी मिळाली, ती आपल्या लेकराला आपल्या घरात मिळू नये का?

डॉक्टरांकडे कधी?

दिवसाही कपडे ओले होणे, लघवीला जळजळ, खूप तहान आणि वजन घटणे, जोरात घोरणे, झोपेत झटके येणे किंवा सहा महिने कोरडे राहून पुन्हा सुरू होणे, यापैकी काहीही दिसले तर थांबू नका. तहान आणि वजन घटणे हे मधुमेहाचे लक्षण असू शकते. वागणुकीसाठी दिलेल्या काही औषधांनीही, जसे रिस्पेरिडोन, हा त्रास होतो. पण औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

सुरुवात शेगावच्या उपजिल्हा रुग्णालयातून करता येते. पुढे अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्याशीही न लाजता बोला. ओलावा लागताच वाजणारा अलार्म आणि गोळ्या असे दोन्ही उपाय आहेत, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

दुआ करा, इलाजही करा. आणि घरातल्या दादी-नानीलाही हे समजावून सांगा, म्हणजे सगळे ओझे एकट्या अम्मीवर पडणार नाही.