मुलगी मराठी बोलते, पण वाचत नाही : पहिली ते पाचवीसाठी गोष्टींची पुस्तकं

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू, दिल्ली अशा ठिकाणच्या आईबाबांकडून एक प्रश्न मला नेहमी येतो. "मुलगी घरी छान मराठी बोलते, पण मराठी पुस्तक दिलं की दोन ओळींत मिटून ठेवते. तिला काय वाचायला द्यावं?" आज पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी गोष्टींची माझी निवड सांगणार आहे. पण आधी पुस्तक दोन ओळींत का मिटतं ते पाहू, कारण निवड त्यावरच ठरते.

आपल्या या मुलांचा कान पुढे असतो आणि डोळा मागे. तिसरीतल्या मुलीला घरातली मराठी थट्टा, भांडण, टोमणा सगळं कळतं. पण शाळेत ती इंग्रजी नाहीतर हिंदी वाचते, त्यामुळे मराठी पान समोर आलं की अक्षरं लावत बसते. तिसरीचं पुस्तक दिलं तर डोळ्याला जड जातं. पहिलीचं दिलं तर कानाला बाळबोध वाटतं. दोन्हीकडून कंटाळाच.

"हिंदी येतं ना, मग मराठी येईलच," असं आपण धरून चालतो. लिपी एकच, पण उच्चार एक नाहीत. 'चिमणी'मधला च वेगळा आणि 'चोच'मधला वेगळा. 'जीभ' आणि 'जवळ' यांचंही तसंच. लिहिताना मात्र अक्षर तेच. 'झालं', 'चांगलं' यांवरचा शेवटचा अनुस्वार हिंदीची सवय असलेलं मूल नाकातून म्हणतं. 'ळ' गुजराती, कन्नड किंवा तेलुगू शिकणाऱ्याला ओळखीचा असतो, हिंदीवाल्याला नसतो. म्हणजे मूल जे वाचतं ते त्यालाच आईच्या बोलण्यासारखं ऐकू येत नाही. शब्द माहीत असतो, पण ओळख पटत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. गोष्ट मुलाच्या कानाच्या वयाची हवी आणि डोळ्याला झेपणारी हवी. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, भाषा घरातली. आणि पहिल्यांदा ती मोठ्यांनी वाचून दाखवायची, मूल शेजारी बसून पान बघत असताना.

पहिली-दुसरीसाठी मी सर्वांत आधी माधुरी पुरंदरे यांचं नाव घेते. 'राधाचं घर', यशच्या गोष्टी, 'बाबांच्या मिश्या' ही पुस्तकं बघा. रोजचं घर, रोजची माणसं, आणि शेवटी तात्पर्य नाही. बालसाहित्यातल्या कामासाठी त्यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मराठी पुस्तकांचं दुकान जवळ नसेल तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आहे. तिथे गोष्टी फुकट वाचता येतात, वाचनाच्या पातळीप्रमाणे निवडता येतात, आणि बऱ्याच गोष्टी अनेक भाषांत आहेत. मूल शाळेत कन्नड वाचत असेल तर गोष्ट आधी कन्नडमध्ये वाचू द्या, मग तीच मराठीत. कथा ठाऊक असली की अक्षरांची भीती कमी होते.

तिसरी-चौथीत मुलांना व्रात्य नायक लागतो. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' त्यासाठी उत्तम. राजीव तांबे यांच्या 'प्रेमळ भूत'मध्ये भीतीपेक्षा गंमत जास्त आहे. सुधा मूर्ती यांच्या 'आजीच्या पोतडीतल्या गोष्टी' मूळच्या इंग्रजीतल्या, मराठी अनुवाद लीना सोहोनी यांचा. सुट्टीत कर्नाटकातल्या गावी आलेल्या नातवंडांना आजी गोष्टी सांगते. एका बैठकीत एक गोष्ट संपते, हा नव्या वाचकासाठी मोठाच फायदा. ना. धों. ताम्हनकरांचे 'गोट्या' आणि 'चिंगी' हेही मी सुचवते, पण त्यांतलं मराठी जुनं आहे, म्हणून ते मोठ्यांनीच वाचून दाखवावेत.

पाचवीला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात शिकायला येतो आणि संकटं त्याला शोधत येतात. भागवतांचं वाक्य धावतं, त्यामुळे हळू वाचणारं मूलही त्याच्यामागे ओढलं जातं. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या रहस्यकथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. कोलकात्याचा हा गुप्तहेर एका कथेत थेट राजस्थानात पोचतो. मराठी पुस्तकात फक्त पुणे-मुंबईच असतं, असं वाटणाऱ्या मुलाला ही दुसरी खिडकी हवी असते.

'श्यामची आई'बद्दल हमखास विचारतात. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. श्याम रात्रीमागून रात्री आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. तेव्हा तुम्हीही तसंच करा, एका रात्री एकच आठवण. शेवटी आईचा मृत्यू आहे. ती पानं मुलाला एकट्याने वाचायला देऊ नका, जवळ घेऊन वाचा. हे सगळं संपलं तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. ते 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

आता तीन पथ्यं. गोष्ट संपल्यावर "यातून काय शिकलास?" विचारू नका. शब्दांचे अर्थ परीक्षेसारखे घेऊ नका. आणि मुलाच्या मराठीवर इंदूरची किंवा बडोद्याची छटा असली तर ती पुसायला जाऊ नका. त्या छटेसकट ते वाचतंय, हे महत्त्वाचं.

ही खटपट कशासाठी, तेही सांगते. महाराष्ट्राबाहेर बऱ्याच घरांत मूल मराठी बोलतं ते आजीमुळे. आजी आहे तोवर बोलणं चालू राहतं. पण घरात मराठी बोलणारं माणूस उरलं नाही, तर नवा मराठी शब्द मुलाच्या कानावर येणार कुठून? वाचता येत असेल तर पुस्तकातून येईल. नाहीतर दहाव्या वर्षी होती तेवढीच मराठी त्याच्यापाशी राहील, आणि त्याच्या मुलांपर्यंत तेवढीही पोचणार नाही.

आज रात्रीपासून सुरुवात करायची असेल तर एक युक्ती सांगते. बोक्या किंवा फास्टर फेणे ऐन संकटात सापडला की वाचणं थांबवा. "उरलेलं उद्या," म्हणा, पुस्तक मुलाच्या उशाशी ठेवा आणि खोलीतला दिवा चालू ठेवून बाहेर या. पुढचं पान कुणीतरी उलटेलच.

पुढच्या भागात याच वयासाठी कवितांबद्दल बोलू.