महाधमनीचा फुगा: ऑपरेशननंतरची सोनोग्राफी

छत्रपती संभाजीनगरात कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी असतेच. तिथे सत्तरीतले आजोबा उपाशीपोटी बसलेले दिसले तर नवल नको; ते महाधमनीच्या फुग्याच्या तपासणीला आलेले असू शकतात.

पोटातल्या महाधमनीला फुगा आला की जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूची जाळी असलेली कापडी नळी, आत सरकवता येते. १९९० साली अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी अशी शस्त्रक्रिया केली. फुगा मात्र आतच राहतो. ग्राफ्टच्या टोकांकडून किंवा लहान धमन्यांतून त्यात पुन्हा रक्त शिरू शकतं, आणि रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून तर ‘बरं वाटतंय’ म्हणून तपासणी टाळणं धोक्याचं.

पहिल्या महिन्यात सीटी स्कॅन करतात. गळती नसेल, फुगा वाढत नसेल, तर पुढे बहुतेकांना वर्षातून एकदा कलर डॉपलर सोनोग्राफी पुरते. त्यात किरणोत्सर्ग नाही, मूत्रपिंडांना जड जाणारं औषधही नाही. फुग्याचा व्यास ५ मिलिमीटर किंवा अधिक वाढला, तर पुन्हा सीटी. आतड्यातला वायू चित्र अडवतो, म्हणून उपास. ग्राफ्ट जागचा हलला का, हे मात्र सोनोग्राफी खात्रीने सांगत नाही. मापं तपासणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असतात. जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.