आपल्यावरचं संशोधन आपल्याला वाचायला कसं मिळेल?



आमच्या गटातली एक ताई, वय बत्तीस. अंगावरून पांढरं जातं आणि कंबर दुखते म्हणून दवाखान्यात गेली. तिथं सांगितलं, "पिशवी काढून टाका." ताईनं ऑपरेशनसाठी गटाकडं कर्ज मागितलं. आम्ही म्हटलं, कर्ज देऊ, पण एवढ्या कमी वयात पिशवी काढली तर पुढं काय होतं, ते आधी समजून घेऊ.

मोबाइलवर शोधलं. आपल्याच देशातल्या बायकांवर केलेला अभ्यास सापडला. उघडला तर वरच्या दहा-बारा ओळी दिसल्या आणि खाली किंमत, ३५ डॉलर. म्हणजे एका लेखाला तीन हजार रुपये! आमच्या गटाची महिन्याची बचत अकराशे.

असं का होतं? संशोधक आपला अभ्यास खास मासिकांत छापतात. त्यातली बरीच मासिकं परदेशी कंपन्यांची आहेत. लेख विकला गेला तर पैसे कंपनीला जातात, लिहिणाऱ्याला सहसा त्यातला रुपयाही मिळत नाही. अभ्यासाचा खर्च पुष्कळदा सरकारी, म्हणजे आपल्या कराच्या पैशातला असतो. माहिती आपण दिलेली, रक्ताची तपासणी आपली झालेली, आणि वाचायची वेळ आली की दाराला कुलूप.

सरकारनं यावर एक योजना आणली, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३ हजार मासिकं. पण ही सोय सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांमधल्या विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांना आहे. आपल्यासारख्या घरी बसून वाचणाऱ्यांना नाही.

मग आपण काय करायचं? आम्हाला उपयोगी पडलेले मार्ग सांगतो.

पहिला, वरच्या दहा-बारा ओळी नीट वाचा. तो लेखाचा सारांश असतो आणि बहुतेक ठिकाणी फुकट असतो. किती बायकांवर अभ्यास केला, काय आढळलं, हे त्यात कळतं.

दुसरा, लेखाचं नाव 'गूगल स्कॉलर'वर टाका. शेजारी 'पीडीएफ' असं दिसलं तर तो लेख बहुधा मोफत मिळतो. आरोग्याचे पुष्कळ लेख 'पबमेड सेंट्रल'वर आणि आपल्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत आहेत.

तिसरा, लेखकाला पत्र लिहा. सारांशाजवळ बहुतेक वेळा ईमेल दिलेला असतो. "आम्ही बचत गटाच्या महिला, आम्हाला आपला लेख वाचायचा आहे," एवढं पुरे. लेखकाला आपल्या लेखाची प्रत अशी पाठवता येते. आम्ही लिहिलं आणि चार दिवसांत लेख आला.

चौथा, गावातली एखादी मुलगी सरकारी महाविद्यालयात शिकत असेल तर तिला विचारा. ती तिथं लेख वाचून आपल्याला मराठीत सांगू शकते. इंग्रजी हेही एक कुलूपच आहे ना!

त्या लेखातून आणि इतर वाचनातून आम्हाला कळलं, की पिशवी लवकर काढली तर पाळी जाण्याच्या वेळचे त्रास लवकर येऊ शकतात. अंडाशयंही काढली तर ते लगेच सुरू होतात, हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही वाढतो. अनावश्यक ऑपरेशनं टाळण्यासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्याही मोफत मिळतात.

ताईला घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं, जंतुसंसर्ग निघाला. गोळ्यांनी बरं वाटलं. कर्ज लागलंच नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. लेख वाचून आपण डॉक्टर होत नाही. कर्करोगासारख्या आजारात पिशवी काढावी लागू शकते, तिथं उशीर करू नका. आणि एकाच अभ्यासावर विसंबू नका. वाचायचं ते डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून.

पुढच्या बैठकीत बचतीची वही मिटली की अर्धा तास काढा. गटाला पडलेला एक प्रश्न ठरवा, आरोग्याचा, शेळीचा नाही तर पिकाचा. आणि त्याचा एक तरी लेख शोधून बघा.