टिफ्रॅकच्या पोटात किती सिरसाळा?

‘सिरसाळा’ हे आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावाचं नाव संगणकात साठवायला आज २१ बाइट लागतात. काना-वेलांट्या धरून या नावात सात चिन्हं आहेत आणि युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. आता देशात बनलेला पहिला मोठा डिजिटल संगणक घ्या. टिफ्रॅक त्याचं नाव. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो १९६० साली पूर्ण झाला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे १०,२४० बाइटांची. ‘सिरसाळा’ ४८७ वेळा लिहिलं की संपली जागा!

एवढ्याशा स्मृतीसाठी थाट केवढा! १८ फूट लांब, ८ फूट उंच पोलादी सांगाडा आणि त्यात २७०० व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. अमेरिकेत १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिॲक या संगणकात असे साडेसतरा हजार व्हॉल्व्ह होते आणि वजन तीस टनांच्या घरात. टिफ्रॅक बांधणाऱ्या गटाचे प्रमुख होते आर. नरसिंहन. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी संगणक कधी पाहिलाही नव्हता, तरी त्यांनी तो उभा केला. नाव मात्र दोन वर्षांनी, १९६२ साली पंडित नेहरूंनी ठेवलं.

देवळालीचे गुरुजी आणि ६१७४

कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या मांडून वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ मधून २३४५ गेले, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, बरोबर ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या इथेच येऊन थांबतात. हे शोधलं देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी, १९४९ साली, कागद-पेन्सिलीवर. आज जगभरची मुलं प्रोग्रामिंग शिकताना सरावाला हेच गणित सोडवतात.

ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर हे अशा मराठी गणितींतलं दुसरं नाव. हजारो अटी सांभाळून सगळ्यांत फायद्याचा मार्ग काढायचा असतो तेव्हा संगणकाची दमछाक होते. १९८४ साली बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी त्यासाठी एक नवी रीत दिली. ती ‘करमरकर अल्गोरिदम’ म्हणून जगभर शिकवली जाते. यंत्र वेगवान करण्याइतकंच त्याला सांगायची रीत सुधारणं मोलाचं असतं, हे दाखवणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मुरंब्याचा मुलगा, पुण्याचा परम

हवामानाचा अंदाज बांधायला भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. हव्या त्या ताकदीचा मिळेना. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि धुरा आली विजय भटकर यांच्याकडे. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. एकच महागडा प्रोसेसर वापरण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडून एका कामाला लावायचे, ही त्यामागची युक्ती. पहिल्या मोहिमेचं उद्दिष्ट होतं सेकंदाला १०० कोटी आकडेमोडी. पुण्यातच, उष्णदेशीय हवामान संस्थेत, २०२४ साली आलेल्या ‘अर्का’ची क्षमता याच्या सव्वा कोटी पटीच्या आसपास जाते. मृगाच्या तोंडावर आभाळाकडे बघणाऱ्या सिरसाळ्याच्या शेतकऱ्याला पावसाचा जो अंदाज ऐकू येतो, त्यामागे अशाच यंत्रांची आकडेमोड असते.

मधे एक पराक्रम विसरल्यासारखा झाला आहे. २००७ साली पुण्यात टाटांच्या कंपनीने उभारलेला ‘एका’ महासंगणक त्या वर्षीच्या वेगवान महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा आला होता. आशियात पहिला!

सिरसाळ्याच्या तालुक्याच्या गावची, परळीचीही एक जुळणी सांगतो. १९७१ साली परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला ३० मेगावॅटचा संच सुरू झाला. त्याच वर्षी इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. नखाएवढ्या चिपवर २३०० ट्रान्झिस्टर!

वजन उसाचं, हिशेब कोयत्याचा

१९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या आसपास सत्तर गावांत संगणक बसवले गेले. ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा हा प्रयोग तेव्हा देशभर गाजला. इंटरनेटवरून शेतीचं ज्ञान गावोगाव पोचेल, अशी मोठी स्वप्नं त्यात होती. प्रत्यक्षात लोकांनी त्याचा उपयोग केला तो मुख्यतः उसासाठी: नोंद लागली का, तोड कधी, वजन किती भरलं, पैसे किती जमा. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. काम तेवढंच झालं, खर्च मात्र कितीतरी कमी. यंत्र कशासाठी हवं हे आधी गावाला विचारावं, हे तिथे नीट दिसलं.

बीडच्या माणसाला ही गोष्ट अर्धीच वाटेल. दिवाळीच्या सुमारास इथून टोळ्या निघतात त्या त्याच पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला. बागायतदाराला आपल्या उसाचं वजन पडद्यावर दिसलं. ऊस तोडणाऱ्या कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल आणि फेड मात्र मुकादमाच्या वहीतच राहिली. टोळीतल्या प्रत्येक नवरा-बायकोच्या मोबाइलवर रोजच्या तोडीचं वजन आणि उचलीचा हिशेब आला पाहिजे. ते तंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. यासाठी महासंगणक लागत नाही.

शेताच्या कागदांचं मात्र बरंच जमलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज उरली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि स्वतःच्या सातबाऱ्यावर स्वतः पेरा नोंदवतो. देशातला पहिला आधार क्रमांकही महाराष्ट्रातच दिला गेला: नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली, २९ सप्टेंबर २०१०.

टाइपरायटर गेला, कळा राहिल्या

गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर बनवला. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात हे उत्पादन २००९ पर्यंत चाललं. यंत्र थांबलं, पण टायपिंगच्या क्लासात घोटलेली बोटं संगणकावर तीच अक्षरं शोधत राहिली. म्हणून डीटीपीवाल्यांचे बरेच फॉन्ट टाइपरायटरच्या मांडणीवर बेतलेले होते. त्यात एक फसगत आहे. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी ‘डी’ असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसता गोंधळ.

यातून सुटका केली युनिकोडने. त्याचा देवनागरी भाग आपल्याच देशात ठरलेल्या इस्की या प्रमाणावरून घेतलेला आहे. विंडोजसोबत आलेला मंगल फॉन्ट रेखाटला र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार, मराठी कवी आणि आयआयटी मुंबईतले शिक्षक. आज मोबाइलवर बोटाने ‘ळ’ उमटतो तो या सगळ्यांच्या मेहनतीमुळे.

तेव्हा सिरसाळ्यातल्या आणि आसपासच्या डीटीपीवाल्यांना, शाळांना, ग्रामपंचायतींना एक विनंती. यात्रेची पत्रकं, शाळेचे अंक, सभेचे ठराव, कीर्तनांची टिपणं असं जे काही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलं असेल ते या वर्षीच युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारी साधनं फुकट मिळतात. ते जुने फॉन्ट आणि ती अक्षरं ओळखणारे टंकलेखक अजून गावात आहेत, तोवर हे काम उरकून घ्या.