जुन्या ट्रॅक्टरचा सुटा भाग व संगणकावरील लिलाव

जुन्या ट्रॅक्टरचे दुर्मिळ सुटे भाग अमेरिका व ब्रिटनमधील शेतकरी ईबे या १९९५ साली सुरू झालेल्या लिलाव-संकेतस्थळावरही शोधतात. तेथे ‘मॅसी फर्ग्युसन ३५’ एवढेच लिहिल्यास यंत्रभागांबरोबर खेळण्यातले ट्रॅक्टर व माहितीपुस्तिकाही पुढे येतात. घाईने बोली लावणाऱ्याच्या पदरी खेळणेच पडावयाचे!

याकरिता नको असलेल्या शब्दास लागूनच, मध्ये जागा न सोडता, आधी उणे चिन्ह लिहावे. शब्द त्याच क्रमाने हवे असल्यास ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालावेत. कार्बोरेटर हा शब्द इंग्रजीत अमेरिकन व ब्रिटिश अशा दोन रीतींनी लिहितात. अशी दोन्ही रूपे स्वल्पविराम देऊन कंसात लिहिली म्हणजे दोहोंचा माल दिसतो. भागाचा क्रमांक ठाऊक असल्यास सर्वांत उत्तम. मात्र चाळण फार बारीक करू नये. विक्रेत्याने नाव चुकीचे लिहिलेला चांगला माल त्यातून निसटतो, आणि अशा मालावर बोलीही थोड्याच लागतात.

बोलीपूर्वी ‘विकलेल्या वस्तू’ ही गाळणी लावून प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहावेत. मागितलेला भाव हा मिळालेला भाव नव्हे. ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले. सबब येथून परदेशी लिलावात उतरणाऱ्याने वाहतूक व सीमाशुल्क धरूनच बोलीची मर्यादा ठरवावी.