थडग्याची दिशा, मृत्यूचा महिना?

हाडांवरून माणसाचे वय, काही आजार, जुन्या जखमा कळतात. तो कोणत्या महिन्यात गेला, हे सहसा कळत नाही. त्यामुळे जुन्या काळात हिवाळ्यातील उपासमारीने किती माणसे गेली आणि उन्हाळ्यातील साथींनी किती, हे सांगणे अवघड असते. प्राचीन आजारांचे अभ्यासक डॉ. कॅल्विन वेल्स आणि पुरातत्त्वज्ञ चार्ल्स ग्रीन यांनी १९७३ मध्ये यावर एक कल्पक उपाय सुचवला.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळील केस्टर-ऑन-सी आणि बर्ग कॅसल येथील अँग्लो-सॅक्सन दफनभूमी त्यांच्यासमोर होत्या. ख्रिस्ती प्रथेप्रमाणे मृताचे डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवत. प्रत्येक थडग्याची दिशा मात्र थोडी वेगळी असते. होकायंत्र नसलेल्या लोकांनी त्या दिवशी सूर्य उगवला तीच पूर्व मानली असेल, तर थडग्याच्या दिशेवरून दफनाची तारीख काढता येईल, असा हा तर्क होता.

या अक्षांशावर सूर्योदयाची जागा वर्षभरात खूप सरकते. उत्तरेपासून मोजल्यास ती जूनमध्ये सुमारे ४९ अंशांवर, तर डिसेंबरमध्ये १३१ अंशांवर असते. मुंबईत हाच पल्ला साधारण ६५ ते ११५ अंश इतकाच आहे.

अडचणीही इथूनच सुरू होतात. दोन अयनदिन सोडले, तर एकाच जागी सूर्य वर्षातून दोनदा उगवतो. म्हणजे एका थडग्याला दोन तारखा. विषुवदिनाच्या सुमारास सूर्योदय रोज अर्ध्या अंशाहून अधिक सरकतो, पण अयनदिनाजवळ तो जवळजवळ थबकतो. तिथे मोजमापात तीन अंशांची चूक झाली, तरी तारीख सुमारे तीन आठवड्यांनी हुकते. शिवाय थडगी जवळच्या भिंतीला, वाटेला किंवा शेजारच्या थडग्याला समांतरही खणली जातात.

सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे. ८२ अंशांचा हा पल्ला म्हणजे क्षितिजाचा जवळजवळ पाव भाग. अंदाजाने पूर्वेकडे खणलेले कोणतेही थडगे त्यात बसणारच. त्यामुळे ‘बहुतेक थडगी सूर्योदयाशी जुळतात’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

खरी कसोटी सूर्याच्या चालीतच आहे. अयनदिनांजवळ तो अधिक दिवस रेंगाळतो. म्हणून मृत्यू वर्षभर सारखे विखुरलेले असतील, तर थडग्यांची गर्दी पल्ल्याच्या दोन टोकांना दिसायला हवी. ती मधोमध, थेट पूर्वेजवळ दिसली, तर एक तर बहुतेक मृत्यू विषुवदिनांच्या आसपास झाले असले पाहिजेत, नाहीतर खणणाऱ्यांनी सूर्योदयाकडे न पाहता ठरलेली पूर्व दिशाच धरली असली पाहिजे.