सोळाशे मिलिमीटर

कांजूरमार्गला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने, जेथे एकेकाळी कारखान्यांचे भोंगे दिवसाच्या पाळ्या वाटून देत असत आणि आता त्याच आवारांतून चाळीस-चाळीस मजल्यांची निवासस्थाने उभी राहिली आहेत, तेथील एका इमारतीच्या वाहनतळात चाचणीसाठी दालनातून आणलेली, पन्नास लाखांच्या घरातली एक मोटार उभी होती. तिच्या एका अंगाला गळ्यात टाय अडकवलेला विक्रेता तरुण होता, दुसऱ्या अंगाला ती घेऊ इच्छिणारे दांपत्य होते, आणि या सर्वांना थोपवून धरून, साठीकडे झुकलेले, निळ्या गणवेशातले एक गृहस्थ त्या मोटारीच्या छपरावर लाकडी पट्टी आडवी ठेवून तिच्या टोकापासून जमिनीपर्यंत लोखंडी टेप सोडीत होते. टेपवर बोट ठेवून ते म्हणाले, “सोळाशे दहा. नाय बसायची, मॅडम.” एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवहारावर इतक्या थोड्या शब्दांत निकाल दिलेला मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, म्हणून त्या दांपत्याच्या अनुज्ञेने मी त्यांच्या पुढल्या खटाटोपात सामील झालो.

दांपत्य आमच्याच मजल्यावरचे. पती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका वित्तसंस्थेत अधिकारी असून त्यांच्या दिमतीला चालकासह सात आसनांची एक मोठी गाडी आहेच. पत्नी भूलतज्ज्ञ, मुलुंड-घाटकोपरच्या रुग्णालयांतून तिला वेळी-अवेळी बोलावणे येते, आणि त्या वेळी चालक घरी गेलेला असतो. घरात एक वाहन असता दुसरे, आणि तेही असे ऐश्वर्याचे, कशासाठी, हा प्रश्न मनात घेऊनच मी निघालो होतो व तो अद्याप पुरता मिटलेला नाही. परंतु रात्री अडीच वाजता एकटीने गाडी काढून शस्त्रक्रियागृह गाठणाऱ्या बाईपुढे तो उच्चारणे मला प्रशस्त वाटले नाही. तिला हवी होती ती आजकाल ‘क्रॉसओव्हर’ म्हणून ओळखली जाणारी जात: अंगलट साध्या मोटारीची, पण उभारणी उंच, बसणे-उतरणे सोपे, आणि पावसाळ्यात शास्त्री मार्गावर पाणी साचले की पोटाला ओल न लागू देणारी. या जातीत मर्सिडीजची जीएलए, बीएमडब्ल्यूची एक्स१, ऑडीची क्यू३, व्होल्व्होची ईएक्स३० असे मोजकेच उमेदवार आहेत, आणि किमती सामान्यतः चाळीस ते पंचावन्न लाखांच्या दरम्यान फिरतात.

दालनातला विधी मी एका वाक्यात आटोपतो: कॉफी आली, गादीवर हात फिरवून झाले, काचेचे छत सरकवून दाखवले गेले, आणि व्याजाचा दर सर्वांत शेवटी, आवाज किंचित उतरवून सांगण्यात आला. माझे लक्ष तेथे नव्हतेच. ते वारंवार जात होते त्या निळ्या गणवेशाकडे, ज्याला इमारतीतली मुले ‘पार्किंगवाले मामा’ म्हणतात.

मामांच्या ताब्यात लोखंडाची एक तिमजली मांडणी आहे. प्रत्येक गाडीसाठी एक पोलादी फळी, म्हणजे पॅलेट. खालच्या व मधल्या रांगेत एकेक जागा मुद्दाम रिकामी सोडलेली, जेणेकरून तळच्या पॅलेट आडव्या सरकाव्यात, वरच्या खाली उतराव्यात आणि मधल्यांनी दोन्ही प्रकारे हालचाल करावी. लहानपणी आपण पंधरा सोंगट्यांचे सरकते कोडे सोडवीत असू, त्याच युक्तीचे हे अवजड रूप आहे. तळचा थर दोन मीटर उंचीचा, मोठ्या गाड्यांसाठी. त्यावरचे दोन्ही थर सोळाशे मिलिमीटरचे. या दांपत्याच्या वाट्याला सदनिकेबरोबर दोन पॅलेट आल्या आहेत. तळची त्या सात आसनी गाडीने व्यापलेली आहे, मधली मोकळी आहे, आणि ती सोळाशेची आहे.

हे सर्व यंत्र साखळ्यांवर आणि प्रकाशकिरणांच्या पहाऱ्यावर चालते. गाडीचा कोणताही भाग थराच्या मर्यादेबाहेर डोकावला की किरण तुटतो आणि यंत्र जागच्या जागी थबकते. रस्त्यावर मेट्रोचे काम सुरू झाल्यापासून तिथली धूळ या किरणांच्या काचांवर बसते, व अडथळा नसतानाही यंत्राला अडथळा भासतो. म्हणून मामांच्या खिशात एक पिवळे फडके असते, आणि ते ठरावीक वेळाने त्या काचा इतक्या मायेने पुसतात की पाहणाऱ्याने संकोचावे. गाडी चढवताना ते आधी वाकून खाली पाहतात, कारण मांजरे उबेसाठी तेथे बसतात. मग आरसे मिटवून घेतात, हातब्रेकची खात्री करून घेतात, सर्वांना पिवळ्या रेषेबाहेर काढतात आणि मगच कळ दाबतात. पूर्वी ते याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात यंत्र चालवीत. तो कारखाना बंद पडला. आता ते इमारतीचेही नोकर नाहीत, एका कंत्राटदाराचे आहेत, आणि बारा तासांची पाळी करून भांडुपच्या टेकडीवरच्या घरी पायी जातात. इतक्या किमती वाहनांची वर-खाली ने-आण करणाऱ्या या माणसाने स्वतः मोटार कधीच चालवलेली नाही, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या स्वरात खंत नव्हती, किंचित अभिमान होता.

पतिराजांना मात्र तो निकाल मान्य नव्हता. “दहा मिलिमीटर म्हणजे काय हो? चाकांतली हवा थोडी कमी केली की बसेल,” असे ते अर्धवट थट्टेने म्हणाले. मामांनी छपराच्या मागल्या टोकाला असलेला माशाच्या कल्ल्यासारखा अँटेना बोटाने दाखवला. “साहेब, किरणाला हवा समजत नाय. त्याला हाच दिसतो. सोळाशे म्हणजे सोळाशे.”

मग उमेदवारांचे माहितीपत्रक नव्या दृष्टीने वाचले गेले. इंजिनाची शक्ती, छताची काच, ध्वनियंत्रणेचे नाव ही सर्व पाने उलटून आम्ही शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांतल्या मापांकडे आलो. एक्स१ची उंची सोळाशे चाळीसच्या वर, ती बाद. जीएलए सोळाशेला थोडक्यात ओलांडणारी. क्यू३ची तीच गत, जी टेपवर दिसलीच होती. खालून पाणी म्हणते उंच हो, वरून यंत्र म्हणते वाकून राहा, अशा कात्रीत ही जात सापडलेली पाहून, सुखवस्तू माणसाच्या अडचणीबद्दल जेवढी सहानुभूती वाटू शकते तेवढी मला वाटली.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. याच शास्त्री मार्गाने दक्षिणेस कुर्ल्यापर्यंत गेले की, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना जेथे होता तो परिसर लागतो. तेथून निघालेल्या फियाटची रुंदी दीड मीटरहूनही किंचित कमी होती; आजच्या एक्स१ची रुंदी, बाजूचे आरसे न धरता, अठराशे पंचेचाळीस मिलिमीटर आहे. फियाटसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहात, आणि निवड अशी काही करावयाचीच नसे. मिळेल ती गाडी, मिळेल तेव्हा. आता गाडी काही आठवड्यांत दारात येते, परंतु ती दारात ठेवायची कोठे, याची प्रतीक्षा संपत नाही. गाडीने दोन पिढ्यांत फूट-सव्वा फूट रुंदी वाढवली. या रस्त्याने वाढवलेली नाही.

पुढली पायरी चाचणीफेरीची. गांधीनगरच्या चौकातून वळून आम्ही पूर्व द्रुतगती मार्गाला लागलो तेव्हा सूर्य कललेला होता आणि वारा खाडीकडून येत होता. कांजूरच्या रहिवाशास यापुढे सांगावे लागत नाही. महामार्गापलीकडे, मिठागरे आणि तिवरांच्या बाजूला, मुंबईच्या रोजच्या कचऱ्यापैकी फार मोठा हिस्सा जेथे येऊन पडतो, ती कचराभूमी आहे. तिचा आंबूस-गोडसर दर्प संध्याकाळी विक्रोळीपासून भांडुपपर्यंत सर्वांच्या घरात समान हक्काने शिरतो. विक्रेता तरुण त्या वेळी गाडीतल्या वायुशोधकाचे गुण वर्णीत होता: सूक्ष्म धूलिकण, त्यांचा पडद्यावर उमटणारा आकडा, आणि तो काही क्षणांत कसा खाली येतो. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारले, “आणि हा वास अडेल का?” तरुण ठाण्याचा होता. त्याने क्षणभर हुंगले, बाहेरची हवा बंद करण्याची कळ दाबली, आणि म्हणाला, “मॅम, कणांची खात्री देतो.” मला त्याचा हा प्रामाणिकपणा त्याच्या दालनातल्या सर्व भाषणाहून अधिक आवडला. आत नव्या कातड्याचा आणि गोंदाचा वास होता, त्याखालून कांजूर येतच होता.

ईएक्स३०चा विचार येथे गंभीरपणे झाला. ती संपूर्ण विजेवर चालणारी, उंचीने पंधराशे पंचावन्नच्या आसपास, म्हणजे मामांच्या टेपखालून सन्मानाने जाणारी. विजेच्या गाडीवर वस्तू व सेवा कर अवघा ५ टक्के, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या पेट्रोल गाडीवर तो ४० टक्के आहे. शिवाय महाराष्ट्र सरकारने विजेच्या वाहनांना एकरकमी मोटार वाहन कर माफ केला आहे, जो पेट्रोलच्या वीस लाखांवरील गाडीला, खाजगी व्यक्तीच्या नावे, १३ टक्के द्यावा लागतो. पतिराजांच्या हिशेबनिसाने गाडी कंपनीच्या नावे घेण्याचा सल्ला दिला होता. परंतु तसे केल्यास दर २० टक्के होतो, म्हणजे पन्नास लाखांच्या गाडीवर साडेसहाऐवजी दहा लाख, हे कळताच तो सल्ला दप्तरदाखल झाला. विजेच्या गाडीचे पारडे असे जड होत असताना मामांनी पुन्हा एकदा तोंड उघडले. “चार्जिंग कुठं करणार? पॅलेट फिरते, मॅडम. तिला वायर कशी देऊ?” खरेच होते. सरकत्या फळीवर विजेची जोडणी या मांडणीत केलेली नाही. ती करावयाची तर सोसायटीची मंजुरी, यंत्र बसवणाऱ्याचा अभिप्राय, स्वतंत्र मीटर, अशी अर्जांची माळ. आणि पॅलेटची वजनमर्यादा दोन हजार किलोंची. ईएक्स३० तिच्यात बसते, पण तिची थोरली बहीण ईएक्स४० त्या आकड्याशी झोंबते. बॅटरीचे ओझे यंत्राला दिसते, जाहिरातीत दिसत नाही.

मी मध्येच एकदा सुचवून पाहिले की, चार मीटरांहून लहान, १८ टक्के करातली, पंधराशे मिलिमीटर उंचीची कोणतीही साधी पेट्रोल गाडी या पॅलेटवर निमूट बसेल आणि रात्री अडीच वाजता मुलुंडलाही तितक्याच वेळात पोहोचवील. दोघेही सौजन्याने हसले. या हास्याला वादाने उत्तर देता येत नाही.

अखेरीस निवड ठरली ती क्यू३च्याच भावंडावर, म्हणजे स्पोर्टबॅकवर. तिचे छत पाठीमागे उतरते. ही उतरण आकर्षक दिसावी म्हणून काढलेली आहे आणि तिच्यासाठी अधिक पैसे घेतले जातात. कांजूरमार्गात मात्र ती उपयोगाची ठरली, कारण तिच्यामुळे उंची पंधराशे साठच्या घरात येते. जर्मन छाप असलेली ही गाडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जाते, हे ऐकून मला त्या शहराची जुनी हकीकत आठवली: ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, आणि स्टेट बँकेने त्यांस ७ टक्क्यांनी कर्ज दिले. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याच काळात याहून कितीतरी चढ्या दराने कर्ज घ्यावे लागे, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून दाखवले होते. आमच्या दांपत्याचा दर त्या सात टक्क्यांहून जास्त होता. तरी त्यांनी इसाराची रक्कम त्याच संध्याकाळी भरली.

इसार भरण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट केली, जी मला या सर्व व्यवहारातली सर्वांत शहाणपणाची वाटते. स्पोर्टबॅक इमारतीत आणवून तिने ती मामांकडून मधल्या थरावर प्रत्यक्ष चढवून, उतरवून घेतली आणि मनगटावरचे घड्याळ पाहिले. खाली यायला चार मिनिटे लागली. “रात्री तुम्ही नसाल तेव्हा?” तिने विचारले. “रात्रपाळीला दुसरा असतो,” मामा म्हणाले, “पण वीज गेली तर जनित्र सुरू होईस्तोवर थांबावं लागंल. तेव्हा फोन आला की आधी खाली कळवा, मग साडी नेसा.” यावर ती मनापासून हसली, आणि रात्रपाळीवाल्याचा क्रमांक तिने तेथेच टिपून घेतला.

कांजूर-भांडुपच्या नव्या इमारतींतून घर वा गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांस एवढेच सांगणे आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, एप्रिल २०२४ मध्ये आदेश काढून, आच्छादित वाहनतळाचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची व इमारतीतले स्थान हे सर्व विक्री-करारनाम्याच्या परिशिष्टात नमूद करणे विकासकांस बंधनकारक केले आहे. ते परिशिष्ट सही करण्यापूर्वी वाचावे. करारनामा त्याआधीचा असेल तर सोसायटीच्या कचेरीतून आपल्या पॅलेटची उंची आणि वजनमर्यादा लेखी मागून घ्यावी. आणि दालनात जाण्यापूर्वी आपल्या वाहनतळातल्या मामांना भेटावे. टेप त्यांच्याकडे असते, आणि ते पैसे घेत नाहीत.